आधी बस, मग वाट

इटलीतली टस्कनी बघायची तर गाडी भाड्याने घ्यावीच लागते, असं आम्हाला भेटलेल्या प्रत्येकाने सांगितलं होतं. आम्ही घेतली नाही. आमच्या ह्यांना रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी हाकायची धास्ती, आणि मला मुळात गाडी येतच नाही. मी साताऱ्यातल्या एका सहकारी बँकेतून निवृत्त, वय 59. हे 63 वर्षांचे, डावा गुडघा अधूनमधून कुरकुरणारा. दोघांनाही चालायची सवय मात्र आहे. एकेक दिवसाच्या वाटा धरून या डोंगरगावातून त्या डोंगरगावात पायी जायचं, एवढीच हौस होती. हे सगळं जमवायला ऑक्टोबर 2024 ते मे 2025 असे आठ महिने गेले. त्यातला बराचसा वेळ मी चुकीच्या टोकापासून सुरुवात केल्यामुळे गेला, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

सुरुवात नकाशापासून केली होती. रोज रात्री जेवणं झाली की लॅपटॉप उघडायचा आणि जिथे सरूची झाडं रांगेत उभी दिसतील तिथून रेघ ओढायची. डिसेंबरपर्यंत अशा नऊ सुंदर रेघा तयार झाल्या. लेक सुट्टीला आली, तिने वही चाळली आणि एकच प्रश्न विचारला, "आई, संध्याकाळी परत कशा येणार?" नऊपैकी सहा वाटांच्या शेवटी बसच नव्हती, किंवा होती ती दुपारी दोनला सुटून जाणारी.

मग सगळं उलटं केलं. आधी बसचं वेळापत्रक, मग वाट. सकाळी ताज्या पायांनी बसने लांबच्या गावी जायचं आणि दिवसभर चालत मुक्कामाच्या गावी परतायचं. शेवटची बस चुकेल ही भीतीच उरत नाही. वाटेत कितीही रेंगाळा, खोली पुढे आहे. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. आम्ही एकदाच ती मोडली, ते पुढे येईलच.

प्रदेश निवडला व्हाल द'ओर्चा, सिएनाच्या दक्षिणेचं खोरं. 2004 पासून जागतिक वारसा यादीत आहे म्हणून नव्हे, तर तिथली गावं एकमेकांपासून पाच ते पंधरा किलोमीटरवर आहेत म्हणून. शिवाय इंग्लंडमधल्या कँटरबरीहून रोमला जाणारी जुनी यात्रेची वाट, व्हिया फ्रांचिजेना, तिथूनच जाते, त्यामुळे खुणा आणि पाट्या भरपूर. मोंताल्चिनोवर फार जीव होता, पण आमच्या मुक्कामाहून तिथे जायला बस बदलावी लागत होती आणि दोन्ही बसचा मेळ काही बसेना. जड मनाने खोडलं. शेवटी तीन रात्री मोंतेपुल्चानो आणि सात रात्री सान क्विरिको द'ओर्चा ठरलं. 2025 हे कॅथलिकांचं ज्युबिली, म्हणजे रोमच्या यात्रेचं वर्ष, त्यामुळे रोममध्ये खोल्यांचे भाव बघून डोळे फिरले. रोमला फक्त शेवटची रात्र ठेवली, तीही विमानतळाजवळ.

आता व्हिसा. जानेवारीच्या अखेरीपासून मुंबईच्या अर्ज केंद्राची तारीख शोधत होतो. पानावर रोज तेच, एकही वेळ उपलब्ध नाही. एका एजंटने तारीख काढून द्यायचे माणशी तीन हजार मागितले. मी हट्टाला पेटले. रोज पहाटे चहा ठेवला की एकदा, रात्री दिवे घालवायच्या आधी एकदा बघायचं, असं सतरा दिवस केलं. शेवटी 18 मार्चची, सकाळी साडेनऊची वेळ मिळाली. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा मे महिन्यात जायचं असेल तर आमच्यासारखी जानेवारीची वाट बघू नका.

कागद भरपूर लागतात, पण अवघड एकही नाही: आयकर विवरणपत्रं, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पेन्शनचा कागद, किमान 30,000 युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा, विमानाचं आरक्षण, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा, 35 बाय 45 मिलिमीटरचे फोटो. स्टेटमेंटवर शिक्का मारून घ्यायला माझ्याच जुन्या शाखेत गेले तर नव्या मुलीने नम्रपणे सांगितलं, "काकू, टोकन घ्या." घेतलं. पस्तीस मिनिटं बसले. आमच्या वेळी लोक का वैतागायचे ते त्या दिवशी नीट कळलं.

मुंबईला खिडकीवर गाडी अडलीच. शेतावरच्या घराचं, म्हणजे तिकडे ज्याला आग्रितुरिस्मो म्हणतात त्याचं, आरक्षण फक्त ह्यांच्या नावावर होतं. "मॅडम, तुम्ही कुठे राहणार?" जणू मी सात रात्री कुंपणाबाहेर झोपणार होते. घरमालकिणीला तिथूनच मेल केली. आपल्याकडे साडेदहा वाजले होते, म्हणजे मार्चमध्ये तिथे पहाटेचे सहा. समोरच्या उपाहारगृहात दोन-दोन वेळा चहा घेत बसलो. बारा चाळीसला तिचं उत्तर आलं, दोघांची नावं घातलेलं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलं आणि दोनच्या आत बोटांचे ठसे देऊन मोकळे झालो. तेव्हा आरक्षण करतानाच दोघांचीही नावं, पासपोर्टवर आहेत तशीच, घालून घ्या. व्हिसाचं शुल्क माणशी 90 युरो, तेव्हा रुपयांत साडेआठ हजारांच्या आसपास, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

त्यानंतरचे बावीस दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. कायद्याने पंधरा दिवस सांगतात, पण ते जास्तही लागू शकतात. 9 एप्रिलला कुरिअर आलं. व्हिसा 24 मे ते 19 जून असा बघून ह्यांनी लगेच "मुक्काम वाढवू या" म्हटलं. वाढवता येत नाही. पासपोर्टमध्ये चिकटवलेल्या त्याच व्हिसावर राहायच्या दिवसांचा वेगळा रकाना असतो, आमच्या रकान्यात 12 होते. दोन्ही आकडे वाचा.

तोवर पायांची तयारी चालू होती. जानेवारीपासून रोज सकाळी अजिंक्यतारा, रविवारी यवतेश्वरचा घाट किंवा सज्जनगडाच्या पायऱ्या. गुडघ्याला चढ सोसतो, उतार सोसत नाही, हे तेव्हाच कळलं आणि दोघांसाठी दुमडणाऱ्या काठ्या घेतल्या. त्या मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या सामानात अडवतात. नवीन बूट मात्र मार्चमध्येच आणून मळवले. राहिला खाऊ. कंदी पेढे नेता येत नाहीत. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. दोन्ही हातांनी बांधलेला पुडा शेजारी देऊन टाकला. शेंगदाण्याची चटणी चालते, ती नेली, आणि तिने लाज राखली.

24 मे, शनिवार. दुपारी रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर उतरलो. शहरात जाणारी 14 युरोंची खास गाडी सोडून 8 युरोंची साधी लोकल पकडली, ती तिबुर्तिना स्टेशनला नेते. तिथून किऊसीला जाणारी साधी रेल्वे, सुमारे दीड तास. या गाड्यांचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर वेळ छापून घ्यावी लागते, नाहीतर तिकीट असूनही दंड. किऊसीहून बसने मोंतेपुल्चानो. बसची तिकिटं काळ्या पाटीवर पांढरा 'टी' असलेल्या तंबाखूच्या दुकानात मिळतात. सोमवारचीही तिकिटं तेव्हाच घेऊन ठेवली, कारण रविवारी दुकान उघडं असेल याची खात्री नव्हती.

सोमवारी पहिली चाल. सकाळच्या बसने पिएन्झा, आणि तिथून मोंतिकिएल्लो मार्गे मोंतेपुल्चानो, सगळं मिळून चौदा-पंधरा किलोमीटर. पिएन्झाचं मूळ नाव कोर्सिन्यानो. 1405 मध्ये तिथे जन्मलेला मुलगा पुढे दुसरा पायस या नावाने पोप झाला आणि त्याने 1459 ते 1462 या तीन-चार वर्षांत आपल्या खेड्याचं आखीव शहर करून टाकलं. चौकात उभं राहिलं की हे जाणवतं, सगळं एका हाताने मांडल्यासारखं. मला जास्त आवडलं ते मात्र गावाखाली उतारावर असलेलं जुनं चर्च, गोल मनोऱ्याचं, ज्यात त्या मुलाचा बाप्तिस्मा झाला. आजूबाजूला गव्हाचं शेत, त्यात लाल पॉपीची फुलं, आणि चर्चच्या दाराशी दगडात कोरलेली दोन शेपट्यांची मत्स्यकन्या. आम्ही दोघंच होतो.

तिथून पांढऱ्या खडीचा रस्ता खाली उतरतो आणि मग समोरच्या टेकडीवर मोंतिकिएल्लो दिसायला लागतं. दिसतं म्हणजे पोचलं असं नाही. काही पाट्यांवर किलोमीटर नसतात, वेळ असते, आणि ती वेळ तिथल्या चालणाऱ्याची असते. पाटी दीड तास म्हणाली की आम्ही दोन तास पंचवीस मिनिटं धरायला लागलो, फोटो आणि गुडघा मिळून. मोंतिकिएल्लोला दीड वाजता पोचलो तर किराणा बंद. एक ते चार गावं गाढ झोपतात, पुण्यातलेही लाजतील. एक खानावळ उघडी होती. मी 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे', मांस नको, मासे नकोत, एवढं पाठ केलं होतं. पीची नावाच्या जाड शेवया आल्या, टोमॅटो आणि भरपूर लसणाच्या रश्शातल्या, अगदी आपल्या जिभेच्या. सोबतचा पाव मात्र बिनमिठाचा. टस्कनीत पाव असाच करतात. मी मुकाट्याने चटणीची डबी काढली. वाढणाऱ्या बाईने बोट लावून चाखली, आत गेली आणि स्वयंपाक्याला घेऊन आली.

दुपारनंतर मोंतेपुल्चानोच्या पायथ्याशी सान ब्याजिओचं देऊळ लागतं, 1518 मध्ये काम सुरू झालेलं, मधाच्या रंगाच्या दगडाचं. त्याच्या हिरवळीवर बूट काढून पडलो. खरा चढ त्याच्या पुढे आहे, सरूच्या रांगेतून गावाच्या वेशीपर्यंत. ती वीस मिनिटं हातचं राखून ठेवा.

रात्री वहिनींचा फोन. "अगं, पाऊस आला! मुंबईत मान्सून पोचला म्हणतायत, आणि माझं वाळवण गच्चीवर!" 26 मे. मुंबईत मान्सून इतक्या लवकर निदान 1950 पासून तरी आला नव्हता. कुरडया वाचल्या, पापड गेले.

दुसऱ्याच रात्री आमच्याकडेही पाऊस आलाच. मंगळवारी मुक्काम सान क्विरिकोला हलवला, रात्रभर बरसला, आणि बुधवारी आम्ही पिएन्झाला बसने जाऊन व्हितालेताच्या चॅपलवरून परत चालायला निघालो, साधारण अकरा किलोमीटर. इथली माती चिकण. ओली झाली की बुटाला नुसती चिकटत नाही, वाढत जाते. दहा पावलांत प्रत्येक पायाखाली भाकरीएवढा गोळा, वीस पावलांत परातीएवढा. काठीच्या टोकाने खरवडायचं, दहा पावलं जायचं, पुन्हा खरवडायचं. भातलावणीत वाढलेले हे खो खो हसत होते, मी नव्हते. चिखलाच्या पट्ट्यात एक किलोमीटरला पन्नास मिनिटं लागली. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर शेतातली पायवाट सोडून पांढऱ्या खडीच्या रस्त्याने जा, दोन किलोमीटर वाढले तरी.

त्याच वाटेवर मेंढ्यांच्या कळपामागून पांढरा राखणदार कुत्रा धावत आला. मोठा, झिपऱ्या, आवाज मडक्यातून यावा तसा. हे कुत्रे मेंढ्यांतच वाढतात, कळप आणि आपण यांच्यामध्ये येऊन उभे राहतात. थांबलो, काठ्या खाली धरल्या, पळालो नाही, आणि कळपाला मोठा वळसा घालून शेताच्या बांधाने गेलो. तो बांधापर्यंत पोचवायला आला. व्हितालेताचं चॅपल, ज्याचा फोटो बघून मी हे सगळं सुरू केलं होतं, ते आमच्या घराजवळच्या मारुतीच्या देवळाहून फार मोठं नाही. दोन बाजूंना सरू, मागे आभाळ. गुडघ्यापर्यंत चिखलात उभी राहून मी बघत होते आणि काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. रडू आलं थोडं.

गुरुवारी अर्धाच दिवस, बान्यो विन्योनी. या गावाला चौक नाही. चौकाच्या जागी गरम पाण्याचं दगडी कुंड आहे, आपल्या पुष्करणीसारखं, भोवती घरं. कुंडात उतरायला मनाई आहे, पण गावाच्या कडेला जुन्या पाणचक्क्यांकडे जाणाऱ्या चरांत तेच पाणी कोमट होऊन वाहतं. तिथे पाय सोडून बसलो. गुडघ्याने तासभर तक्रार केली नाही. शुक्रवारी सिएना बसने केलं, फार गर्दी. शनिवारी कपडे धुतले.

आणि 1 जून, रविवार. ह्यांना कास्तिल्योने द'ओर्चाचा किल्ला खुणावत होता. तो दिवस आम्ही उलटा केला नाही. मुक्कामाहून चालत निघायचं, बान्यो विन्योनी ओलांडून वर कास्तिल्योनेला जायचं आणि दुपारी चारच्या बसने परत, असं ठरवलं. वेळापत्रकात त्या बससमोर 'फेरियाले' लिहिलेलं. मी सहा महिने फोनवर इटालियन शिकत होते, आणि 'फेरिए' म्हणजे सुट्टी हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे ही सुट्टीच्या दिवशीची बस. किती सरळ!

साडेतीनपासून थांब्यावर बसलो. चार वाजले, सव्वाचार. समोरच्या खिडकीतून एक आजीबाई बराच वेळ आमच्याकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी बोट हलवलं. "ओज्जी नो. दोमेनिका." आज नाही, रविवार आहे. 'फेरियाले' म्हणजे कामाचे दिवस, सोमवार ते शनिवार. सुट्टीच्या दिवसांसाठी शब्द 'फेस्तिवो'. ज्या गाडीसमोर 'स्कोलास्तिको' लिहिलेलं असतं ती फक्त शाळा असेल तेव्हा, म्हणजे उन्हाळ्यात नाहीच. चौतीस वर्षं मी लोकांना फॉर्मवरची बारीक अक्षरं वाचा म्हणून सांगत आले.

आलो तसं चालत जाणं शक्य नव्हतं, तो सगळा उतार आणि ह्यांचा गुडघा सुजलेला. जवळच्या बारमध्ये जाऊन 'टॅक्सी' एवढाच शब्द म्हटला. बारवाल्याने तीन फोन केले. आम्हाला कॉफी दिली, गुडघ्याला फडक्यात बांधून बर्फ दिला, बर्फाचे पैसे घेतले नाहीत. हे म्हणाले, "तुझ्या वहीत हा खर्च कुठल्या रकान्यात?" मी उत्तर दिलं नाही. टॅक्सी एक तास दहा मिनिटांनी दुसऱ्या गावाहून आली, 40 युरो. टॅक्सीवाल्याकडून कळलं ते त्याहून मोलाचं निघालं: सोमवार असला तरी 2 जून हा त्यांचा प्रजासत्ताक दिन, म्हणजे उद्याही फेस्तिवो. आम्ही उद्या बसने सिएनाला पुन्हा जायच्या बेतात होतो! मुकाट्याने घराभोवतीच्या शेतांत फिरलो. पिवळ्या जिनेस्त्राच्या फुलांचा वास सगळ्या टेकडीला येत होता.

हिशेब लिहायला हवा, कारण सगळे तोच विचारतात. दोघांचं विमान 1,22,000, मुंबईहून आखातमार्गे. व्हिसा आणि विमा 26,000. अकरा रात्रींचे सुमारे 85,000, त्याशिवाय बहुतेक गावं रात्रीमागे माणशी पर्यटक कर घेतात, तो बऱ्याचदा रोखच मागतात, सुटे युरो जवळ ठेवा. खाणं 48,000, दुपारचं जेवण बहुतेक वेळा पाव, पेकोरिनो चीज आणि चटणी यांवर भागवूनही. खानावळीत बसल्याबद्दल 'कोपेर्तो' म्हणून माणशी दोन-तीन युरो बिलात येतात, ती फसवणूक नसते. रेल्वे, बस आणि ती टॅक्सी 15,000. बूट, काठ्या आणि मुंबईच्या फेऱ्या 18,000. एकूण 3,14,000. गटासोबत जाणाऱ्यांना याहून जास्त पडलं की कमी, ते विचारायला मी गेलेले नाही.

दुसऱ्यांदा गेले तर सान क्विरिकोला सात रात्री ठेवणार नाही, पाच पुरे. आणि वेळापत्रक फोनमधल्या फोटोवर विसंबून न ठेवता आदल्या संध्याकाळी थांब्यावर जाऊन वाचेन, तंबाखूच्या दुकानातल्या माणसाला विचारेन.

3 जूनला सकाळी सिएनाची बस पकडायची होती, तिथून किऊसीमार्गे रोम. मंगळवार. फेरियाले. मी आदल्या दिवशी दोनदा वाचून आले होते, घरमालकिणीलाही विचारलं होतं. तरी आम्ही पाऊण तास आधी थांब्यावर हजर. बस वळणावर दिसली तशी हे उठले, काठ्या दुमडल्या, आणि चढताना ड्रायव्हरला अगदी गंभीरपणे विचारलं, "ओज्जी दोमेनिका?" तो म्हणाला, "नो, नो, मार्तेदी!" आणि आमच्याकडे काळजीने बघत राहिला.